नाकारलं, पण कशापायी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "प्रेरणादायी होऊ द्या. अंबडचा माणूस कंपायलरवर काम करतो, पोरांना जरा हुरूप येईल." याआधी दोनदा मी त्यांना टाळलं होतं. या दिवाळीला हो म्हणालो, कारण राग आता आवरत नाही. त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे, तो या लेखात कुठे लपवणार नाही. हुरूप हवा असेल त्यांनी खुशाल पुढचा लेख काढावा.

आधी धंदा सांगतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे, तिचं नाव इथे नको. बियाण्यांच्या ड्रायरला लागणारे कंट्रोलर, आमच्या बोलण्यात डबे, आम्ही बनवतो. मक्याची कणसं शेतातून ओली येतात, मोठाल्या कोठ्यांत भरतात आणि खालून गरम हवा सोडतात. हवा कमी पडली तर बुरशी लागते. जास्त तापली तर दाणा आतून मरतो. दिसायला तसाच पिवळाधमक, पण पेरला तर उगवत नाही. कोणती कोठी किती तापली ते बघून झडपा उघडायच्या-मिटायच्या, हे काम आमच्या डब्यातला प्रोग्राम करतो.

तो प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात ती मोठी संशयी भाषा आहे. माणसाने लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणाऱ्याला कंपायलर म्हणतात. या भाषेचा कंपायलर आधी सगळं तपासतो आणि काही खटकलं तर सरळ नाकारतो. आमच्या डब्यातली चिप स्वस्तातली, म्हणून कंपायलर आम्ही आमच्यापुरता बदलून घेतला आहे. बदललेला तपासनीस नीट तपासतो की नाही हे तपासणं, ही माझी नोकरी.

तो तपासतो काय? मेमरीत एका जागी चौथ्या कोठीचं तापमान लिहिलेलं आहे असं धरा. प्रोग्रामचा दुसरा भाग ते उसनं घेतो, म्हणजे आकडा उतरवून न घेता त्या जागेकडे नुसतं बोट दाखवून ठेवतो. मग ती जागा मोकळी झाली आणि तिथे सातव्या कोठीचं तापमान येऊन बसलं, तरी बोट तिथंच. वाचणाऱ्याला वाटतं आपण चौथी कोठी वाचतोय. म्हणून प्रत्येक उसनवारीला मुदत असते. तिला आम्ही लाइफटाइम म्हणतो.

आता अंबडच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यांकडे मिळणारा छापील भाडेकरार डोळ्यापुढे आणा. घर कुणाचं, भाडेकरू कोण, मुदत किती, सगळ्या जागा रिकाम्या. ट्रेट म्हणजे असाच करार: "मी कोठी वाचून देईन." जेनेरिक ट्रेट म्हणजे रिकाम्या जागांसकट. त्यातली मुदतीची रिकामी जागा म्हणजे लाइफटाइम पॅरामीटर. मी काय करायचो, तर त्या जागा मुद्दाम चुकीच्या भरायचो. ज्याच्याकडे घर स्वतःलाच एक वर्षापुरतं आहे, तो ते दुसऱ्याला पाच वर्षांसाठी देतोय, असा करार कंपायलरपुढे टाकायचो; ही झाली एक टेस्ट. त्याने नाकारला की टेस्ट पास, पडद्यावर हिरवं. स्वीकारला की नापास, पडद्यावर तांबडं.

माझ्या वडिलांना, अण्णांना, हे एकदा समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे तू दिवसभर चुका करून राह्यला?"

"हाव."

"अन् त्याचा पगार घेऊन राह्यला?"

"हाव."

"मंग आमच्या ग्रामसेवकानं काय पाप केलं?"

एकदा पुण्याहून एक मोठे अनुभवी इंजिनियर आठवडाभर मदतीला आले. पहिल्याच दिवशी संध्याकाळी खुशीत येऊन म्हणाले, "तुमच्या टेस्टमध्ये फार चुका होत्या. सगळ्या दुरुस्त करून टाकल्या." मी कपाळावर हात मारला. चुका हाच आमचा माल होता, आणि त्यांनी माल धुऊन ठेवला होता. तो पूर्ववत करण्यात त्यांचा उरलेला आठवडा गेला.

हसण्यासारखं इथपर्यंतच.

वैशाली आमच्याकडे आली तेव्हा टेस्टच्या कामावर आम्ही दोघंच झालो. ती जाफराबादकडच्या टेंभुर्णीची. वडील शाळामास्तर, घर बौद्ध. जालन्यात खोली घेऊन राहायची. माझ्या घरी तिचं कौतुक निघालं की अण्णा विचारायचे, "आडनाव काय तिचं?" मी पाणी प्यायला उठायचो. त्यांना उत्तर काय द्यायचं हे मला माहीत होतं, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा कसा होईल हेही. हेही इथेच लिहून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यापासून ते वेगळं काढता येत नाही.

तिची एक सवय होती. प्रत्येक चुकीच्या प्रोग्रामच्या वर ती एक ओळ लिहायची: हा कशामुळे नाकारला गेला पाहिजे. मी म्हणायचो, "नाकारतो ना? मंग झालं." ती म्हणायची, "झालं न्हाई सर. गेटवरच्या वॉचमननं चोराला अडवलं, पण पाय चिखलाचे होते म्हणून अडवलं, तर काय उपयोग? उद्या तो पाय धुऊन येईल."

कोठी वाचण्याच्या ट्रेटवर तिने एक टेस्ट लिहिली होती. छोटीशी, पण नेमकी. मुदतीची रिकामी जागा अशी भरलेली की कोठीची जागा मोकळी झाल्यावरही बोट तिथंच राहावं. कंपायलरने "ही उसनवारी मुदतीबाहेर जाते" असं म्हणून ती नाकारायला हवी, आणि तो नाकारायचाही.

मग पुण्याहून आमचे हेड निखिल सर यांचा हुकूम आला. त्या ट्रेटचं नाव बदलायचं. कंपनीला ग्राहकांपुढे एक नवं नाव मिरवायचं होतं, कारण तेवढंच. मुख्य प्रोग्राममधलं नाव त्यांच्या माणसांनी बदललं, आणि टेस्ट माझ्यावर सोडल्या. नाव बदलल्यावर कंपायलरच्या तक्रारींचे शब्द बदलले, आणि तक्रार आधी नोंदवून ठेवलेल्या शब्दांत आली नाही तरी टेस्ट नापासच होते, म्हणून आमचा अर्धा पडदा तांबडा झाला. मक्याचा सीझन तोंडावर आलेला. निखिल सर माझ्याहून लहान, मला काका म्हणायचे. फोनवर म्हणाले, "काका, जल्दी हिरवं करा. डिलिव्हरी आहे."

आमच्या धंद्यात यासाठी एक सोय आहे. कंपायलरने आत्ता जी तक्रार केली तीच यापुढे बरोबर धरा, असा एक हुकूम देता येतो. एक ओळ टाइप करायची, की सगळं हिरवं. नियम असा, की त्याआधी प्रत्येक तक्रार डोळ्यांनी वाचायची. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि घाईत कुणी पाळत नाही.

बरोबर लिहिलेल्या, कंपायलरने स्वीकारायला हव्यात अशाही काही टेस्ट असतात, त्या मी हाताने दुरुस्त केल्या. ज्या नाकारल्या जायला हव्यात त्या तर नाकारल्या जातच होत्या. मी हुकूम दिला. वैशाली शेजारीच बसली होती.

"सर, एकेक बघायला पाहिजेत."

"बघितल्या," मी म्हणालो.

बघितल्या नव्हत्या. तिच्या त्या टेस्टमध्ये जुनंच नाव राहिलं होतं. कंपायलर आता ती टेस्ट नाकारत होता ते "या नावाचा ट्रेट सापडत नाही" एवढ्यासाठी. नाव सापडलं नाही की तो तिथंच थांबतो, मुदत तपासायच्या पायरीपर्यंत जातच नाही. वॉचमन चोराला अडवत होता, चिखलाच्या पायांसाठी. आणि मी त्याला शाबासकी देऊन बसलो होतो.

पुढे पुण्याच्या मंडळींनी कंपायलर हलका करायला म्हणून मुदत तपासणीतच काही बदल केला आणि तिथे भोक पडलं. वैशालीची टेस्ट जागेवर असती तर त्याच दिवशी तांबडी झाली असती. ती हिरवीच राहिली.

सीझनमध्ये जाफराबाद रस्त्यावरच्या एका बियाणे प्लँटचा फोन आला. आम्ही दोघं गेलो. तिथले सुपरवायझर बाबूराव आम्हाला उगवण तपासायच्या खोलीत घेऊन गेले. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या त्यांनी एकेक उलगडून दाखवल्या. दाणे रांगेने मांडलेले, फुगलेले, आणि एकालाही कोंब नाही.

"हे शिजलं हो साहेब," बाबूराव म्हणाले. "डब्यावर म्हणे चार नंबर थंड दाखवून राह्यला, म्हणून हवा चालू. आत हात घातला तर भाजला. इतक्या लोकांनी चार महिने कणसं सांभाळून दिली, अन् आपण इथं आणून उकडली."

वैशालीने एक दाणा नखाने फोडून बघितला. गाडीत ती एवढंच बोलली, "सर, ही उसनवारीचीच भानगड आहे. माझ्या टेस्टनं पकडायला पाहिजे होतं."

मीटिंग झाली. पुण्याची मंडळी पडद्यावर, आम्ही दोघं इकडे. निखिल सरांनी विचारलं, "या ट्रेटची टेस्ट कुणाची?" वैशालीने सांगितलं, माझी. "टेस्ट तर हिरवी आहे. म्हणजे टेस्टच चुकीची लिहिली. बरोबर?"

वैशाली माझ्याकडे वळली. "सर, नाव बदललं तेव्हा तुम्ही सगळ्या बघितल्या होत्या ना?"

इतकं सोपं होतं. "नाही" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चेक करावं लागेल." त्या खोलीत पंखा फिरत होता, समोर चहा होता, मला कुणी धमकावलेलं नव्हतं. माझ्या मुलाची फी भरायची नव्हती की घरी कुणी आजारी नव्हतं. वाचकांनी माझ्यासाठी एखादं कारण शोधू नये. मला फक्त पुण्याच्या लोकांसमोर वाईट दिसायचं नव्हतं.

महिनाभरात तिला काढलं. पण टेस्टमुळे काढलं असंही धड म्हणाले नाहीत. "संवादकौशल्य कमी पडतं" असं सांगितलं. जी बाई कंपायलरला प्रत्येक नकाराचं कारण विचारायची, तिला हे कारण! नंतर निखिल सर मला खासगीत म्हणाले, "काका, तुम्हाला म्हणून सांगतो, ही कोट्यातून आलेली पोरं अशीच. बेसिक कच्चं असतं." ते हसले. आणि मीही थोडा हसलो. त्या हसण्याचा मला आज जेवढा संताप येतो तेवढा त्या "चेक करावं लागेल"चाही येत नाही.

कुणाला वाटेल, मी पुरावा लपवला. काय लपवणार? कोणता बदल कुणी केला हे आमच्या कामात आपोआप नोंदलं जातं आणि कंपनीत कुणालाही बघता येतं. माझं नाव तिथं उघड्यावर होतं. कुणी बघितलं नाही, कारण हवं ते कारण त्यांना आधीच सापडलं होतं.

आणि दुरुस्ती काय केली? त्या डब्याचा प्रोग्राम असा बदलला की आकडा उसना न घेता उतरवून घ्यावा. कारण न सांगता नवा प्रोग्राम दिला, ग्राहक गप्प झाला. मला बढती मिळाली. अंबडला आमच्या समाजाच्या मंडळाने शाल-नारळ दिलं. ती शाल मी एकदाही पांघरली नाही, पण नाकारलीही नाही.

वर्षं गेली. या उन्हाळ्यात मला एका दुसऱ्या कंपनीतून फोन आला. वैशालीने त्यांच्याकडे अर्ज केलाय, तिच्या कामाबद्दल दोन शब्द सांगा. निखिल सरांना विचारलं तर म्हणाले, "जे कागदावर आहे तेच बोला. कामात कमी पडली, विषय संपला." मी त्या कंपनीला सांगितलं, उद्या बोलतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेंभुर्णीच्या बसमध्ये बसलो.

वैशालीने दार उघडलं. मला बघून आश्चर्य दाखवलं नाही. ती आता घरूनच लहानसहान कामं करते, दुकानांचे बिलिंग प्रोग्राम वगैरे. पुढच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो. पाणी दिलं, समोर बसली. वाटेत पाठ केलेलं सगळं मी एका दमात सांगितलं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मीटिंग संपल्यावर लगेच बघितलं होतं मी. तुमचंच नाव होतं. अन् तक्रार काय होती तेबी वाचलं. नाव सापडत न्हाई म्हणे."

"मंग तू बोलली काहून न्हाईस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "एक दिवस थांबले. मंग महिनाभर थांबले. मंग त्यांनीच काढलं. मी बोलले असते तर म्हणले असते, स्वतःचं पाप काकांवर ढकलून राह्यली. माझ्या बोलण्याला तिथं काय वजन होतं? तुमच्या होतं."

मी मान खाली घातली. तिने तीही घालू दिली नाही.

"रडायचं असंल तर बसमध्ये रडा सर, इथं न्हाई. मला एक सांगा. ती टेस्ट दुरुस्त केली का?"

मला आधी कळलंच नाही. "कोणती?"

"माझी टेस्ट. त्यात अजून जुनंच नाव आहे का?"

इतकी वर्षं मी झोपताना, जेवताना, शाल घेताना त्या टेस्टचा विचार केला होता. ती उघडून त्यातलं एक नाव बदलावं हे एकदाही सुचलं नव्हतं. माझ्या पश्चात्तापाची एवढीच किंमत. तिला ते चेहऱ्यावरूनच कळलं.

"धन्य आहे तुमची," ती म्हणाली. "मंग केलं काय तुम्ही इतकी वर्षं? अपराधी वाटून घेतलं? बसल्या बसल्या?"

मी पिशवीतून माझा लॅपटॉप काढला, तिच्या टेबलावर ठेवला आणि ऑफिसला जोडला. टेस्ट तशीच होती, वर तिने लिहिलेली कारणाची ओळही तशीच. मी जुन्या नावाच्या जागी नवं नाव लिहिलं आणि टेस्ट चालवली.

तांबडी.

कंपायलरने तो चुकीचा प्रोग्राम निमूटपणे स्वीकारला होता. भोक अजून उघडं होतं. त्या एका डब्याला पट्टी बांधून आम्ही मूळ जखम तशीच ठेवली होती, आणि त्यानंतरचा प्रत्येक डबा याच कंपायलरमधून गेला होता. त्यातले किती डबे आकडा उतरवून घेतात आणि किती उसना घेतात, हे आम्हा दोघांपैकी कुणालाही सांगता येत नव्हतं.

वैशालीने पडद्याकडे बघितलं. "आता मका कधी येतो?"

"महिन्याभरात."

"मंग लावा फोन."

मी निखिल सरांना फोन लावला. तिने बोटाने स्पीकर चालू केला. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले, "काका, सीझनआधी कंपायलरला हात लावायचा नाही. ती टेस्ट तात्पुरती बंद ठेवा. सीझननंतर बघू."

"बंद ठेवणार नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे बंद ठेवणार नाही. मागच्या वेळी ती न वाचता मी हिरवी केली. वैशालीची चूक नव्हती, माझी होती. तुम्ही तेव्हा कोट्यातली म्हणालात, मी हसलो. दोघांचंही हे लेखी पाठवतो, मीटिंगला होते त्या सगळ्यांना. आणि प्लँटवाल्यांना आत्ता फोन करतो."

"काका, तुम्ही कुणाच्या घरी बसलाय? कोण शिकवतंय तुम्हाला हे?"

मी इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. काय ओरडलो ते छापण्यासारखं नाही. मग फोन ठेवला. वैशालीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "हे तेव्हा ओरडायचं होतं," ती म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता. "भोक मी शोधून देते. पण फुकट न्हाई, अन् तुमच्या नावानं न्हाई. माझ्या नावानं."

ते काम तिने केलं, तिच्याच नावाने. दुसऱ्या कंपनीलाही मी खरं ते सांगितलं. मला आमच्या कंपनीची नोटीस आली आहे, तिचं काय व्हायचं ते होईल. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी, तिच्या टेबलावरूनच, पहिला फोन मी बाबूरावांना केला.

सांगितलं, की डब्यावर विश्वास ठेवू नका, एका कोठीचा आकडा दुसरीच्या नावावर दिसू शकतो, प्रत्येक कोठीत साधा थर्मामीटर लावा. बाबूरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, तवाचं बी हेच होतं का? ते शिजलं तवाचं?"

"हो. तेच होतं."

पलीकडे गोदामात पोती ओढल्याचा आवाज येत होता.

"तवा आमचा ऑपरेटर काढला हो, साहेब," बाबूराव म्हणाले. "झोपला होता म्हणून काढला. तो शपथा खाऊन राह्यला होता, मी जागा होतो, डबाच थंड दाखवत होता. कुणी ऐकलं न्हाई. मीबी न्हाई."

वैशालीने डोळे मिटून घेतले. या माणसाबद्दल आम्हा दोघांना काहीच माहीत नव्हतं.

"त्याचा नंबर द्या," मी म्हणालो. "मी बोलतो त्याच्याशी."

"नंबर कशाला? इथंच हमाली करून राह्यला की. थांबा, देतो." आणि फोन तोंडापासून दूर धरून त्यांनी जोरात हाक मारली. कुणीतरी पोतं खाली टाकल्याचा आवाज आला, मग पावलं, मग धापा टाकणारा श्वास.

"हॅलो," तो म्हणाला. "कोण बोलून राह्यलं?"